राजवैद्य आणि खुडूक कोंबडी

कोंबडी खुडूक झाली की घरातल्या जाणत्या बाईच्या ते लगेच लक्षात येते. कोंबडी अंडी द्यायची थांबते, पिसे फुलवून कोपऱ्यात बसून राहते, हात पुढे केला तर कुरकुरते आणि टोच मारते. मग टोपलीत पेंढा किंवा भाताचे तूस पसरायचे, तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, शेजारी दाणापाणी ठेवायचे आणि 21 दिवस मोजायचे. नवी मुंबईत इमारती उभ्या राहण्याआधी इथल्या आगरी-कोळी गावांत हे घरोघरचे काम होते. गावठाणातल्या एखाद्या परसात ते आजही पाहायला मिळते. आठवडाभराने अंडे दिव्यासमोर धरले की आत लाल शिरांचे जाळे दिसते. ज्यात ते दिसत नाही ते अंडे काढून टाकायचे, एवढे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

पण ते जाळे येते कुठून? ताजे अंडे फोडले तर आत फक्त पांढरा आणि पिवळा बलक असतो. त्यात ना हाड, ना रक्त, ना डोळे. तीन आठवड्यांनी मात्र त्याच कवचातून चिवचिवणारे, स्वतःच्या पायावर उभे राहणारे पिल्लू बाहेर पडते. या प्रश्नाचा ध्यास घेतलेला एक डॉक्टर सुमारे चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्यांचे नाव विल्यम हार्वे.

हार्वे हे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक असते ते रक्ताभिसरणासाठी. हृदय पंपासारखे काम करते आणि तेच रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे त्यांनी 1628 मध्ये सिद्ध केले. त्या एका शोधाने आधुनिक वैद्यकाचा पाया घातला. पण याच माणसाने आयुष्यातली कितीतरी वर्षे कोंबडीच्या अंड्यांपाशी घालवली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. राजाचा वैद्य असताना, भोवती युद्ध पेटलेले असताना आणि घर लुटले गेल्यानंतरही त्यांनी हे काम सोडले नाही.

पडुआतले गुरू

हार्वेंचा जन्म 1 एप्रिल 1578 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील फोकस्टन या गावी झाला. वडील थॉमस हे खाऊनपिऊन सुखी गृहस्थ होते, पुढे ते गावाचे महापौरही झाले. सात भावांत विल्यम थोरले. धाकट्या भावांपैकी बरेच जण लंडनमध्ये व्यापारात शिरले आणि श्रीमंत झाले. विल्यम मात्र कँटरबरीला शाळा आणि केंब्रिजला कॉलेज करून वैद्यक शिकायला इटलीतल्या पडुआला गेले.

त्या काळी वैद्यक शिकावे ते पडुआलाच, अशी युरोपभर ख्याती होती. गॅलिलिओ तेव्हा तिथेच गणित शिकवत होते. हार्वेंचे गुरू होते शरीररचनेचे प्राध्यापक फॅब्रिशियस. शवविच्छेदन पाहण्यासाठी त्यांनी बांधून घेतलेले गोलाकार, उतरत्या पायऱ्यांचे सभागृह आजही पडुआत उभे आहे. फॅब्रिशियस यांच्या दोन आवडी त्यांच्या शिष्यात उतरल्या. एक म्हणजे शिरांच्या आतल्या छोट्या झडपा आणि दुसरी म्हणजे कोंबडीचे अंडे.

शिरांमधल्या झडपा एकाच दिशेने उघडतात. त्या रक्ताला हृदयाकडे जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत. फॅब्रिशियस यांना झडपा दिसल्या, पण त्यांचा अर्थ लागला नाही. रक्त हातापायांत साचू नये म्हणून त्या असाव्यात, एवढ्यावर ते थांबले. त्यांच्या विद्यार्थ्याने मात्र तोच धागा पुढे ओढला. 1602 मध्ये पदवी घेऊन हार्वे लंडनला परतले. दोन वर्षांनी त्यांचे लग्न एलिझाबेथ ब्राउन यांच्याशी झाले. सासरे राणी एलिझाबेथचे वैद्य होते. या जोडप्याला मूल झाले नाही.

1609 मध्ये हार्वे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात डॉक्टर म्हणून रुजू झाले. गोरगरिबांसाठीचे ते जुने रुग्णालय. तिथली नोकरी त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ केली. पुढे राजा पहिला जेम्स आणि त्यानंतर राजा पहिला चार्ल्स यांचेही ते वैद्य झाले. राजवाडा आणि गरिबांचे रुग्णालय, अशा दोन्हीकडे त्यांचा वावर होता.

हृदयाचा हिशेब

त्या काळातले डॉक्टर गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या शब्दाबाहेर जात नसत. गेलनला होऊन तेव्हा चौदाशे वर्षे उलटली होती. त्याच्या मते खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, शिरांमधून ते शरीरभर पसरते आणि जमिनीत पाणी मुरावे तसे अवयवांत मुरून संपते.

हार्वेंनी याला साधे गणित लावले. हृदय अर्ध्या तासात हजाराहून अधिक ठोके देते. प्रत्येक ठोक्याला अगदी थोडेच रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त अख्ख्या शरीरातल्या रक्तापेक्षा जास्त भरते. एवढे रक्त अन्नापासून तेवढ्या वेळात तयार होणे अशक्य. म्हणजे तेच रक्त पुन्हापुन्हा फिरत असले पाहिजे. आजचे आकडे त्यांचा हिशेब आणखी पक्का करतात. प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर आणि मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलते. शरीरातले एकूण रक्तही साधारण 5 लिटरच असते.

1628 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातून प्रसिद्ध झालेले त्यांचे हे पुस्तक जेमतेम 72 पानांचे होते. त्यातही कोंबडीचे अंडे आहे. उबवायला ठेवलेले अंडे चौथ्या-पाचव्या दिवशी कोमट पाण्यात घेऊन कवच काढले, तर आत ढगासारखा एक पुंजका दिसतो आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका उडत असतो, हे त्यांनी तिथे लिहून ठेवले. ठिपका आकसला की दिसेनासा होई आणि फुलला की पुन्हा लाल दिसे. हृदयाचे आकसणे आणि फुलणे इतक्या उघडपणे मोठ्या प्राण्यात कुठेच दिसत नसे.

पुस्तकाने खळबळ माजली. हजार-दीड हजार वर्षांचे शास्त्र चुकीचे म्हणणारा डॉक्टर लोकांना वेडसर वाटला. त्यांच्याकडे येणारे रुग्णही कमी झाले, असे त्यांना ओळखणाऱ्या चरित्रकाराने नोंदवले आहे. हार्वे वादात फारसे उतरले नाहीत. पण छापील पुस्तकाची किंमत काय मोजावी लागते हे त्यांच्या मनात कायमचे बसले. पुढचे मोठे पुस्तक लोकांपुढे यायला 23 वर्षे लागली, त्यामागे हेही एक कारण होते.

डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाही

दरम्यान त्यांच्याकडे नाना तऱ्हेची कामे येत. 1634 मध्ये लँकेशायरमधल्या काही बायकांवर चेटूक केल्याचा आरोप झाला. त्यांच्या अंगावर सैतानाची खूण असल्याचे सांगितले जात होते. राजाच्या हुकमावरून हार्वेंच्या देखरेखीखाली शल्यवैद्य आणि सुइणींनी त्यांपैकी चौघींची तपासणी केली. अनैसर्गिक असे काहीही आढळले नाही आणि तसे लेखी कळवण्यात आले. ज्या काळात चेटकिणींना फासावर चढवले जाई, त्या काळातली ही गोष्ट आहे.

घरातही त्यांची हीच रीत होती. पत्नीने एक पोपट पाळला होता. तो फार छान बोले, म्हणून सगळे त्याला नर समजत. तो मेल्यावर हार्वेंनी त्याचे विच्छेदन केले तेव्हा आत जवळजवळ पूर्ण वाढलेले अंडे सापडले. पोपट नव्हे, ती मादी होती.

जीव कसा तयार होतो हा प्रश्न त्यांनी दोन बाजूंनी सोडवायला घेतला. राजा चार्ल्सला शिकारीचा नाद होता. राजाच्या परवानगीने हार्वे शिकार झालेल्या हरिणींची गर्भाशये वर्षानुवर्षे तपासत राहिले. माजाचा काळ संपल्यानंतर कित्येक आठवडे गर्भाशयात त्यांना काहीच दिसत नसे. शिकारखात्यातल्या माणसांना हे पटेना. तेव्हा काही हरिणी नरांपासून वेगळ्या ठेवून त्यांना पुढे पाडसे होतात, म्हणजे त्या गाभण होत्याच, हे दाखवून देण्यात आले.

हरिणीच्या पोटात सुरुवातीचे काही दिसत नाही. मग ते दिसेल कुठे? उत्तर सोपे होते. कोंबडीच्या अंड्यात. ते स्वस्त असते, बाराही महिने मिळते, आणि जो गर्भ हरिणीच्या पोटात लपलेला असतो तो इथे पातळ कवचाआड समोरच असतो. ही युक्ती जुनीच होती. एकाच वेळी वीस अंडी उबवायला ठेवावीत आणि रोज एक फोडून पाहावे, हे प्राचीन ग्रीक वैद्यांनी सांगून ठेवले होते. ॲरिस्टॉटलने तसे पाहिलेही होते आणि त्याला उडणारा लाल ठिपका दिसला होता. फॅब्रिशियस यांनी तर अंड्यांवर एक ग्रंथच लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर 1621 मध्ये प्रसिद्ध झाला. हार्वेंनी गुरूंचे हे पुस्तक एका हाताशी आणि कोंबडी दुसऱ्या हाताशी ठेवून काम केले.

पिल्लू नेमके अंड्याच्या कोणत्या भागापासून सुरू होते? पिवळ्या बलकाच्या दोन टोकांना पांढरे, पीळ पडलेले दोरे असतात. ऑम्लेट करताना ते अनेकांनी पाहिले असतील. त्यांपासून पिल्लू घडते, असे फॅब्रिशियस म्हणत. हार्वेंनी रोज अंडी फोडून पाहिली आणि गुरूंचे म्हणणे चुकीचे असल्याचे सांगितले. पिवळ्या बलकावर मसुरीहूनही लहान, फिकट पांढरा डाग असतो. फलित असो वा नसो, प्रत्येक अंड्यात तो असतो. पिल्लाची सुरुवात होते ती तिथून. दोरे फक्त बलक जागेवर धरून ठेवतात.

युद्धातली कोंबडी

1642 मध्ये इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले. हार्वे 64 वर्षांचे होते. ते राजाबरोबर लंडनबाहेर पडले. मागे व्हाइटहॉल राजवाड्यातल्या त्यांच्या खोल्या संसदेच्या सैनिकांनी लुटल्या. सामानसुमान गेलेच, पण अनेक वर्षांच्या नोंदींचे कागदही गेले. कीटकांचा जन्म कसा होतो यावरचे त्यांचे सगळे काम त्यात होते. ते पुन्हा कधीच हाती लागले नाही. आयुष्यात सोसलेल्या नुकसानांपैकी हे सर्वांत जिव्हारी लागल्याचे ते म्हातारपणी सांगत.

त्याच वर्षी 23 ऑक्टोबरला एजहिल इथे मोठी लढाई झाली. बारा वर्षांचा युवराज आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ यांना सांभाळण्याचे काम हार्वेंकडे होते. त्यांना घेऊन ते एका कुंपणाआड बसले आणि खिशातून पुस्तक काढून वाचू लागले. तोफेचा गोळा जवळच येऊन पडला, तेव्हा कुठे ते उठून मागे सरकले.

लढाईनंतर राजाने ऑक्सफर्डला मुक्काम हलवला. विद्यापीठाचे ते गाव छावणी बनले. कॉलेजांत दरबारी, सैनिक आणि दारूगोळा भरला. गर्दी आणि अस्वच्छतेमुळे 1643 मध्ये तिथे उवांवाटे पसरणाऱ्या तापाची, म्हणजे टायफसची साथ आली. लंडनमधली रुग्णालयाची नोकरीही हार्वेंच्या हातून गेली, कारण ते राजाच्या बाजूने होते.

अशा दिवसांत हे वयस्कर राजवैद्य ट्रिनिटी कॉलेजात जॉर्ज बाथर्स्ट नावाच्या अध्यापकाच्या खोलीवर येत असत. बाथर्स्टनी आपल्या राहत्या खोलीतच एक कोंबडी रवणावर बसवली होती. दोघे मिळून रोज तिच्याखालचे अंडे फोडत आणि आतला बदल पाहत. ही गोष्ट टिकून राहिली ती तिथल्याच एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यामुळे. त्याचे नाव जॉन ऑब्री. पुढे तो चरित्रकार झाला आणि हार्वेंचा स्नेहीही. एवढ्या मोठ्या डॉक्टरशी बोलण्याचे धाडस तेव्हा त्याला झाले नव्हते, पण कोंबडी त्याच्या लक्षात राहिली.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. कोंबडी मुळातच शिस्तीची असते. ती दिवसातून एकदाच, थोड्या वेळासाठी दाणे खायला उठते. एरवी अंगाखाली अंडी साधारण 37 ते 38 अंशांवर ठेवते आणि चोचीने दिवसातून अनेकदा फिरवते. अंडी फिरवली नाहीत तर आतला गर्भ पडद्याला चिकटतो. त्यासाठी तिच्या पोटावरची पिसे गळून कातडी उघडी पडते, म्हणजे ऊब थेट पोचते. खुडूक होण्यामागे जे संप्रेरक असते ते प्रोलॅक्टिन. स्त्रियांमध्ये दूध येण्यासाठी लागते तेच. हार्वेंना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांच्याजवळ सूक्ष्मदर्शकही नव्हता, फार तर एखादे भिंग. होते ते एवढेच की एक दिवसही न चुकवता पाहायचे आणि कालच्या अंड्याशी आजचे ताडून पाहायचे. आणि फोडलेल्या अंड्यातले पिल्लू पुढे वाढणार नसते. आज जे पाहायचे राहिले, त्यासाठी नवी अंडी, नवी रवण आणि पुन्हा तेवढेच दिवस.

दिवसामागून दिवस

त्यांनी पाहिले ते असे. दुसऱ्या दिवशी बलकावरचा पांढरा डाग मोठा होतो आणि त्यात बुबुळासारखी एकात एक वर्तुळे दिसू लागतात. चौथ्या दिवशी तो लाल ठिपका उडताना दिसतो आणि त्यापासून निघालेल्या बारीक रक्तवाहिन्या बलकावर पसरू लागतात. गावठाणातल्या बाईला दिव्यासमोर दिसते ते हेच जाळे. अंडे गार पडले की ठिपक्याचे उडणे मंदावते. कोमट पाण्याने किंवा बोटाच्या उबेने ते पुन्हा जोर धरते. मग अळीसारखे वळलेले शरीर आणि त्या मानाने प्रचंड डोळे दिसतात. पुढे पाय आणि पंख फुटतात, नंतर चोच, नखे आणि पिसे.

यातून हार्वेंनी जो निष्कर्ष काढला, तो त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा शोध होता. पिल्लू अंड्यात आधीपासून तयार नसते. ते सूक्ष्म रूपात बसलेले आणि नुसते फुगून मोठे होणारे नसते. साध्या, एकसारख्या दिसणाऱ्या पदार्थापासून एकेक अवयव नव्याने घडत जातो, एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने. हा विचार पचायला लोकांना फार वेळ लागला. त्यांच्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ अनेक विद्वान उलटेच मानत राहिले, की अंड्यात किंवा शुक्राणूत इवलासा तयार जीव असतो. 1759 मध्ये कास्पर वोल्फ या जर्मन संशोधकाने पुन्हा कोंबडीच्याच अंड्यात पाहून हार्वेंची बाजू उचलून धरली.

हार्वेंच्या चुकाही झाल्या. रक्त आधी तयार होते आणि हृदय नंतर, असे त्यांना वाटले. आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसते की हृदयाची नळी दुसऱ्याच दिवशी हलू लागते. नुसत्या डोळ्यांना ती पारदर्शक नळी दिसत नाही, ती रक्ताने भरली की मगच दिसते. कोंबडा दूर नेल्यावरही कोंबडी बरेच दिवस फलित अंडी देते, हे त्यांच्या लक्षात आले होते. पण कोंबडीच्या शरीरात वीर्य शिल्लक आहे असे त्यांना दिसेना. म्हणून रोगाची लागण व्हावी तसा नराचा प्रभाव मादीवर लागत असावा, असा तर्क त्यांनी केला. शुक्राणू पहिल्यांदा दिसले ते 1677 मध्ये, हार्वे गेल्यानंतर वीस वर्षांनी. कोंबडीच्या अंडनलिकेतल्या बारीक कोशांत ते दोन-तीन आठवडे जिवंत राहतात, हे तर फार नंतर कळले.

टेबलावर पडून राहिलेले बाड

1646 मध्ये ऑक्सफर्ड संसदेच्या सैन्याच्या हाती पडले. 68 वर्षांचे हार्वे लंडनला परतले आणि भावांच्या घरी आलटूनपालटून राहू लागले. 1649 च्या जानेवारीत त्यांच्या राजाचा शिरच्छेद झाला. त्यांना गाउटचा, म्हणजे सांध्यांच्या वातरक्ताचा त्रास होता. ठणका लागला की ते थंडीतही पाय गार पाण्यात घालून बसत. इंग्लंडमध्ये कॉफीची दुकाने निघण्याआधीपासून ते कॉफी पीत.

अंड्यांवरच्या नोंदींचे बाड तसेच पडून होते. जॉर्ज एंट हे त्यांचे तरुण डॉक्टर मित्र भेटायला आले आणि ते छापण्यासाठी मागे लागले. पहिल्या पुस्तकाच्या वेळचा गदारोळ हार्वे विसरले नव्हते. बऱ्याच मनधरणीनंतर त्यांनी बाड एंट यांच्या हवाली केले. 1651 मध्ये प्राण्यांच्या उत्पत्तीवरचा हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ते 73 वर्षांचे होते. मुखपृष्ठाशेजारच्या चित्रात ग्रीक देवांचा राजा झ्यूस हातातले अंडे उघडतो आहे आणि त्यातून पक्षी, हरीण, साप, कीटक आणि माणूसही बाहेर येत आहेत. सगळे जीव अंड्यातूनच येतात, हे त्याचे सांगणे. सस्तन प्राण्याचे अंडे तर हार्वेंनी कधीच पाहिले नव्हते. ते 1827 मध्ये कार्ल फॉन बेअर यांना कुत्रीच्या शरीरात सापडले. हार्वेंचे अनुमान पावणेदोनशे वर्षांनी असे खरे ठरले.

या ग्रंथात बाळंतपणावरही एक प्रकरण आहे. त्यात घाई करणाऱ्या सुइणींना त्यांनी खडसावले आहे. वेळ आली नसताना ओढाताण करू नका, निसर्गाला त्याचे काम करू द्या आणि गरज असेल तिथेच हात घाला, असा त्याचा आशय. त्यांच्या काळात बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहता हा सल्ला लाखमोलाचा होता.

3 जून 1657 रोजी पक्षाघाताने हार्वेंचे निधन झाले. सकाळी बोलायला गेले तर जीभ वळेना. काय झाले आहे ते त्यांनी ओळखले आणि पुतण्यांना बोलावून आपल्या वस्तू वाटून दिल्या. ज्या रक्तवाहिन्यांवर त्यांनी आयुष्य घालवले, त्यातल्याच मेंदूकडच्या एकीने अखेर त्यांचा घात केला. धमन्यांतले रक्त शिरांत कसे जाते, हा त्यांच्या सिद्धान्तातला दुवा शेवटपर्यंत त्यांना दिसला नाही. चार वर्षांनी, 1661 मध्ये, मार्सेलो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. याच माल्पिघींनी पुढे सूक्ष्मदर्शक घेऊन कोंबडीच्या अंड्यातले पहिले दिवसही पाहिले.

अंड्याचे आजचे देणे

हार्वेंच्या टोपलीतले अंडे अजून वैद्यकाच्या टेबलावर आहे. फॅब्रिशियस यांनी कोंबडीच्या शरीरात एक छोटी पिशवी पाहून ठेवली होती. ती रोगप्रतिकारशक्तीसाठी लागते, हे 1956 मध्ये स्पष्ट झाले. रक्ततपासणीत ज्यांना बी पेशी म्हणतात त्यांतला बी हा त्या पिशवीच्या नावावरून आला. फ्लूच्या बऱ्याच लशींचे विषाणू आजही दहा-अकरा दिवस उबवलेल्या अंड्यांत वाढवतात. आफ्रिकेत जाणाऱ्यांना घ्यावी लागणारी पीतज्वराची लसही अंड्यांतच तयार होते. म्हणून अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर लस घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे लागते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रिटा लेव्ही-माँटाल्चिनी यांनी वंशद्वेषी कायद्यामुळे नोकरी गेल्यावर निजायच्या खोलीतच कोंबडीच्या गर्भावर प्रयोग केले. मज्जातंतूंच्या वाढीवरच्या संशोधनासाठी त्यांना 1986 मध्ये नोबेल मिळाले.

पण सर्वसामान्य घरासाठी हार्वेंच्या अंड्याचा धडा याहून जवळचा आहे. अवयव आधीपासून तयार नसतात, ते क्रमाने घडतात. म्हणजे घडण्याची वेळ ठरलेली असते. त्या वेळी काही कमी पडले किंवा बिघडले, तर ते मागाहून भरून निघत नाही. कोंबडीच्या अंड्यात हृदय दुसऱ्या दिवशी हलू लागते, माणसाच्या गर्भात ते फलनानंतर चौथ्या आठवड्यात. मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून घडतो ती नळीही साधारण 28 दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. गर्भ राहिला आहे हे कित्येकींना तोवर कळलेलेही नसते.

म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहिल्याचे कळल्यावर सुरू करायची नसते. मूल हवे असे ठरवले की निदान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम घ्यायची आणि पहिले तीन महिने चालू ठेवायची. आधीच्या बाळात मणक्याचा दोष असेल तर मात्रा जास्त लागते, ती डॉक्टर ठरवतात. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणायची. फिट्सची, रक्तदाबाची किंवा मुरुमांची औषधे चालू असतील तर ती स्वतःहून बंद न करता आधीच दाखवून घ्यायची. रुबेलाची लस झालेली नसेल तर ती गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी घ्यायची. तंबाखू, मिश्री आणि दारू त्याआधीच सोडायची. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. घरात लग्न झालेली लेक किंवा सून असेल तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता हे आजच तिच्या कानावर घालावे.